एक पील राखून

जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांतल्या समस्त नागरिकांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आपल्यावर आजवर जी संकटे कोसळली नाहीत, त्यांचे संपूर्ण श्रेय सावद्याला राहणाऱ्या माझ्या साडूंना, म्हणजे भाऊंना आहे. संकटाला यायचे असते हो, पण भाऊ त्याचा आधीच इतका सविस्तर विचार करून ठेवतात की ते बिचारे ओशाळून वेशीवरूनच परत फिरते.

भाऊंची केळीची बाग आहे. केळीला वाऱ्याचे भय, हे मान्य. पण वारा सुटला की सगळेच घाबरतात. भाऊ वारा पडला की घाबरतात. एक पान हलत नसले की आभाळाकडे डोळे लावून म्हणतात, "कुठंतरी जमा होतोय!" एकदा जळगावच्या डॉक्टरांनी साऱ्या तपासण्या करून "तुम्हाला काहीही झालेलं नाही" असे सांगितले, तर हे दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसले. म्हणाले, "एवढा मोठा डॉक्टर, अन् त्यालाही सापडलं नाही!"

या साऱ्यावर उतारा एकच, त्यांची मुलगी. शेतातून तिला दिवसभर फोन. "दार लावलं का?" "मी घरातच आहे, नाना." "मग आतून लावलं का?" "लावलं." "गॅस?" "बंद आहे." "अन् सगळं?" "सगळं ठीक आहे, नाना." एवढे ऐकले की भाऊंच्या छातीतली धडधड थांबते आणि शेतातली मोटर सुरू होते. फोन उचलायला तिला जरा उशीर झाला, तर तेवढ्यात भाऊ मनाने सरकारी दवाखान्यापर्यंत जाऊन, तिथल्या गर्दीवर नाराज होऊन परत आलेले असतात.

मुलीच्या लग्नाचे मात्र यामुळे अडले होते. आधीच्या स्थळाच्या घरी भाऊंनी चहा घेता घेता विचारले होते, "दारासमोरची ही चिंच पडली, तर कोणत्या अंगाला पडेल?" त्या लोकांनी चिंच ठेवली, सोयरीक सोडली. आता धुळ्याचे स्थळ आले होते आणि मुलगा तिच्या मनात भरला होता. हे मोडले तर पोर मनातून खचेल, म्हणून माझ्या मेहुणीने, म्हणजे अक्कांनी, उपचार हाती घेतला.

केळीच्या बुंध्याशी पिले फुटतात. ती मूळ झाडाचे खाऊन माजतात, म्हणून वेळच्या वेळी कापायची. पुढच्या पिकासाठी एकच राखायचे. अक्का म्हणाल्या, "विचारांचंही तसंच करा. फुटला की छाटा. लई वाटलं तर एखादा ठेवा."

भाऊंनी हे शब्दशः घेतले. रोज सकाळी विळा घेऊन बागेत जायचे, एक काळजी मोठ्याने उच्चारायची आणि पील कापायचे. "रस्त्यात गाडी पंक्चर झाली तर?" खच्च! "पोराला घोरायची सवय असली तर?" खच्च! चेहरा असा निवांत होत गेला की गावकऱ्यांनाच काळजी वाटू लागली. पण पाहुणे यायच्या आदल्या दिवशी काळज्या इतक्या दाटल्या की भाऊंनी एक अख्खी ओळ साफ केली. राखायची पिलेसुद्धा!

"अहो, एक तरी ठेवायचं ना!" अक्का कपाळावर हात मारून ओरडल्या. "पुढच्या साली या ओळीत काय उगवणार? तुमचं डोकं?"

"पण मन कसं मोकळं वाटतंय," भाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बागेच्या कडेला कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजली गेली. मला अक्कांचा हुकूम होता : भाऊंच्या शेजारी बसायचे आणि त्यांनी तोंड उघडले की गुडघा दाबायचा. पण गुडघा दाबायची वेळच येईना. भाऊ शांतपणे जेवत होते. वारा पडलेला होता, तरी त्यांनी वर पाहिले नाही.

मुलाचे वडील खूश झाले. म्हणाले, "भाऊ, मनात काही असेल तर आत्ताच बोला. आमच्याकडे सगळं, बठ्ठं मोकळं शे."

भाकरी वाढणाऱ्या मुलीचा हात जागीच थांबला. मी गुडघा दाबला, पण उशीर झाला होता. भाऊ पुढे जे बोलले, ते ऐकून धुळेकरांनी डोळे पुसत लग्न पक्के केले, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्हीही भाऊंसारखे जिवाला घोर लावून बसाल. पोर आता धुळ्याला सुखात आहे, आणि फोन तिच्याकडून येतात. पण त्या दुपारी हे कोणाला माहीत होते? भाऊंनी हातातला घास ताटात ठेवला, मुलीकडे एकदा पाहिले आणि त्यांच्या तोंडून निघून गेले :

"बाकी सगळे कापले हो, एकच राखलाय... ही गेल्यावर मला 'सगळं ठीक आहे, नाना' असं कोण सांगेल?"