आहेर साहेबांची रजा

आमच्या कारखान्यात रजेचा अर्ज मॅनेजरच्या सहीआधी आहेर साहेबांच्या टेबलावर यायचा. ते टाइम ऑफिसला होते. कोण किती वाजता आला, कोणाच्या किती रजा उरल्या, याची नोंद त्यांच्याकडे असे. अर्जातल्या कारणाच्या रकान्यावर बोट ठेवून ते विचारत, "घरगुती काम? म्हणजे घरी लोळणार! जाधव, रजा अशी वाया घालवू नका हो." मग चष्मा कपाळावर सरकवायचे, मालाच्या जुन्या चलनाचा पाठकोरा कागद पुढे ओढायचे आणि त्यावर नकाशा काढायला लागायचे.

नकाशा एकदम चोख. नाशिकहून सातला निघा, लेणी थंड मिळतील. नऊला खाली उतरा. घोटीच्या पुढे अमुक फाट्याला वळा, धरणाचा तलाव डाव्या हाताला ठेवा, खडकाळ रस्त्याला जीपच न्या, तुमच्या कारचं पोट घासेल. तलावाकाठी घोडेवाले असतात, मुलांना एक फेरी मारू द्या. सगळ्यात खाली, दोन रेघा ओढून, एकच वाक्य असे: सहाच्या आत घरी. कोणी कोकणात तीन दिवस जायचं म्हटलं की साहेब पेन खाली ठेवायचे. "मुक्कामाचं मला विचारू नका. माझं सगळं एका दिवसाचं."

फिरून आलेल्या माणसाची सुटका नसे. दुसऱ्या दिवशी पंच करायच्या आधीच साहेब त्याला गाठत. टपरी वळणाच्या अलीकडे की पलीकडे? फाट्यावरची चिंच अजून आहे का? पाणी किती मागे गेलंय? आम्हाला वाटायचं, साहेबांनी हे सगळं तरुणपणी पालथं घातलंय आणि आता आमच्या तोंडून ऐकून जुनी मजा पुन्हा घेताहेत. सिन्नरच्या कारखान्यातून नाशिकला परतताना कंपनीच्या बसमध्ये ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसत आणि सगळा रस्ता घड्याळ बघत. ती त्यांची खोड, एवढंच आम्ही धरून चाललो होतो.

एकदा त्यांच्या नकाशावर भरवसा ठेवून मी सुनीताला, म्हणजे माझ्या बायकोला, आणि मुलीला घेऊन गेलो. घोडे तलावाच्या उजव्या काठाला लिहिले होते. निघाले डाव्या काठाला. भर उन्हात आम्ही तलावाला अर्धा वळसा घातला आणि त्या वळशात सुनीताने आहेर साहेबांबद्दल आणि माझ्याबद्दल जे काढलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सोमवारी मी तावातावाने कागद त्यांच्यासमोर आपटला.

साहेबांनी तो उलटा केला, सुलटा केला. "अरेच्चा! ज्याने सांगितलं तो उतरतानाचं उजवं सांगत होता. मी चढतानाचं धरलं."

"ज्याने सांगितलं म्हणजे? तुम्ही स्वतः नाही बघितलं?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मी कुठे गेलोय जाधव? मला सहाला घरी असावं लागतं."

त्या संध्याकाळी ते मला घरी घेऊन गेले. सिडकोतलं दोन खोल्यांचं घर. दारापुढच्या ओट्यावर पन्नाशीचा एक गोरापान माणूस शर्टाची बटणं चुकीची लावून बसला होता. साहेबांना बघताच टाळ्या वाजवायला लागला. हा बाळू, त्यांचा धाकटा भाऊ. वयाने वाढला, पण बुद्धी चार वर्षांच्या पोराचीच राहिली. आई होती तोवर तिच्या हातचं खायचा. ती गेली तेव्हा मावशीने भरवायला घेतलं, तर त्याने ताट भिंतीवर फेकलं आणि दोन दिवस पाण्याशिवाय काही पोटात जाऊ दिलं नाही. शेवटी साहेबांच्या हातून घास घेतला. त्याला सव्वीस वर्षं झाली होती. सकाळी निघताना साहेब भरवून जात आणि सहाला येऊन भरवत. मधल्या वेळात शेजारच्या बाई त्याच्यावर लक्ष ठेवत. चहा-बिस्किट तो कोणाच्याही हातून घेई, जेवण मात्र नाही.

आहेर मूळचे देवळ्याचे. ऑफिसात अगदी शुद्ध बोलणारा हा माणूस बाळूपाशी अहिराणीत शिरायचा. "मी ऊनू रे बाळू, भूक लागनी का?" अशी आल्याची वर्दी देत त्यांनी हात धुतले आणि भाकरी दुधात कुस्करायला घेतली. याच्यापायी लग्न राहिलं, पुण्याच्या प्लांटची बढती राहिली, ओव्हरटाइम तर एक दिवसही केला नाही. स्वतःच्या रजा ते बाळूच्या आजारपणासाठी शिलकीत ठेवत आणि मार्चअखेर त्या रद्द होत. तक्रारीचा सूर नव्हता. एखाद्याच्या खात्याची नोंद वाचून दाखवावी तसं त्यांनी हे सांगितलं.

पुढे मोबाइलवर एक जाहिरात फिरायला लागली: एका दिवसात लेणी, तलाव, ऑफ-रोडिंग, हॉर्स रायडिंग, प्रायव्हेट ट्रिप. साहेबांनी ती दोनदा वाचली. "हा तर माझाच आराखडा आहे की! नुसता इंग्रजी केलाय." सगळे हसले. मी हसलो नाही. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा दीड वर्ष उरलं होतं. मी म्हटलं, "साहेब, फेब्रुवारीत आपण दोघं जाऊ. सहाच्या आत तुम्हाला दारात उतरवतो."

पंधरा दिवस ते नाही म्हणत होते. मग एके दिवशी स्वतःच्याच टेबलावर स्वतःचा अर्ज ठेवला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, घरगुती काम.

जायच्या दिवशी जीप घेऊन इगतपुरीचा सलीमभाई आला आणि साहेब घरातून बाहेर पडले ते कंपनीच्या गणवेशात. गळ्यात ओळखपत्र, हातात डबा. साध्या कपड्यात निघाले की बाळू पाय धरून रडतो. गणवेश दिसला की त्याला कळतं, दादा कंपनीत चालला, संध्याकाळी येणार. सलीमभाईने माझ्याकडे बघून भुवई उडवली. मी नजरेनेच गप्प राहा म्हटलं.

लेण्यांवर आम्ही लहानपणापासून बुद्धपौर्णिमेला जाणारे. पायऱ्या मला तोंडपाठ, पण आत काय बघायचं ते त्या दिवशी साहेबांनी दाखवलं. एका विहारातल्या कोठडीत ते वाकून शिरले. दगडात कोरलेला ओटा वितीने मोजला आणि बूट काढून चक्क त्यावर आडवे झाले. पाय पुरले नाहीत. "जाधव, भिक्खूंचा नियम माहीत आहे ना? पावसाचे तीन महिने एका जागी राहायचं. त्याला वर्षावास म्हणतात. बाकीचे नऊ महिने चालत राहायचं, एका गावात रमायचं नाही." मग छताकडे बघत म्हणाले, "माझा वर्षावास बाराही महिने चालू आहे." मी त्यांचे बूट पुढे सरकवले.

नंतर मात्र दिवस नुसता रंगत गेला. खडकाळ चढावर जीप एका बाजूला कलली की साहेब दांडी घट्ट धरून ओरडायचे, "बरोबर! इथेच कलणार, आपला पवार म्हणाला होता!" चिंच दिसली तेव्हा गाडी थांबवायला लावून तिला हात लावून आले. टपरीवाल्याला त्यांनी त्याच्या बापाच्या नावाने हाक मारली, तर तो बिचारा गोंधळून चहाचे पैसे घेईना. तलाव समोर आला तसे साहेब काठावर टेकले. डबा उघडून भाकरी खाल्ली आणि पाण्याकडे बघत बसले.

घोडी लग्नाच्या वरातीतली निघाली. मालक म्हणाला, "लय गरीब हाय साहेब, पोर बसवलं तरी चालंल." साहेब गणवेशातच चढले, पाठ ताठ, ओळखपत्र छातीवर डुलतंय. तेवढ्यात सलीमभाईच्या मोबाइलवर बँडच्या चालीची रिंग वाजली. झालं! घोडी जागच्या जागी नाचायला लागली. मालक लगाम ओढतोय, सलीमभाई फोन बंद करायला धडपडतोय आणि साहेब वर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसताहेत. एवढं मोठ्याने हसताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. फेरी संपल्यावर ते म्हणाले, "आणखी एक." ती संपल्यावर पुन्हा, "आणखी एक, जाधव." मी घड्याळ बघितलं आणि बोललो नाही. ही माझी चूक.

चार वाजून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. चेहरा एकदम उतरला. त्यांनीच कागद काढला. तलावाचं पाणी ओसरलं की तळाच्या जमिनीतून थेट हमरस्त्याला लागणारी वाट त्यांच्या नकाशात होती, पाऊण तास वाचवणारी. सलीमभाई कुरकुरला, "साहेब, आत्ता अजून ओल असंल हां." पण साहेबांना आता दम निघत नव्हता. वरची माती वाळून भेगाळलेली दिसत होती. जीप दोनशे पावलं गेली आणि मागची चाकं गाळात गपकन बसली. वाट खरी होती, पण ती सांगणारा मे महिन्यात आला होता. साहेबांनी रस्ता लिहून घेतला, महिना विचारायचा राहिला.

सलीमभाई म्हणाला, "टेन्शन नका घेऊ, ट्रॅक्टर बोलवतो." ट्रॅक्टरवाला गावातल्या हळदीला गेलेला, येईपर्यंत अंधार पडणार होता. मी दगड लावले, फांद्या टाकल्या. चाक फिरलं की आणखी खाली जाई. चारी बाजूंना मोकळी जमीन, डोंगर, पाणी आणि आम्ही तिथे खिळलेले. साहेब हमरस्त्याच्या दिशेने चालत निघाले. गुडघ्यापर्यंत रुतले, परत आले. मग गाडीमागे बसून हातांनी गाळ उपसायला लागले. पाच वाजले, साडेपाच वाजले. मी आल्या चाकोरीने मागे काठावर चढून माझ्या मोबाइलला जरा रेंज मिळाल्यावर सुनीताला फोन लावला आणि बाळूपाशी जाऊन बस म्हटलं. साहेब खालून ओरडले, "त्यांना सांगा, जेवायला देऊ नका! ताट फेकतो तो! नुसतं बसायचं!"

मी खाली आलो तेव्हा ते हात थांबवून बसले होते. "तीन फेऱ्या मारल्या मी," ते म्हणाले. "त्या तासाभरात मला बाळू आठवलासुद्धा नाही, जाधव. एकदाही नाही." आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले. मी त्यांच्या शेजारी गाळात बसलो. दुसरं काय करणार होतो? सहा वाजून गेले तरी ते मनगट वर करून बघत राहिले.

शेवटी ट्रॅक्टरने जीप ओढून काढली आणि घरी पोचायला पावणेनऊ झाले. साहेब बुटांसकट आत धावले. "बाळू, मी ऊनू रे, मी ऊनू!" बाळू सतरंजीवर पडून टीव्ही बघत होता. त्याने मान वळवून एकदा टाळी वाजवली आणि पुन्हा टीव्हीकडे वळला. साहेब भाकरीच्या डब्याकडे गेले. सुनीता म्हणाली, "अहो, तो जेवला."

"कुणाच्या हातून?"

"माझ्या. सातला स्वतःच ताट घेऊन आला माझ्यापुढे. पहिल्या घासाला तोंड फिरवलं, मग दीड भाकरी खाल्ली."

"छान झालं," साहेब म्हणाले. मोरीत जाऊन ते खूप वेळ हात धूत राहिले. मी आणि सुनीता निघालो, तसे फाटकापर्यंत आले. माझा हात धरला, पण बघत होते दुसरीकडेच.

"जाधव, सव्वीस वर्षांत मी दुसऱ्या कोणाच्या हातात त्याचं ताट देऊनच बघितलं नाही."

मला वाटलं, आता हा माणूस सुटला. आता हा कोकणात जाईल, कुठे कुठे जाईल. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नकाशे काढणं बंद केलं आणि पाठकोऱ्या कागदांवर वेगळीच आखणी सुरू केली. सोमवारी शेजारच्या बाई भरवणार, गुरुवारी सुनीता, रविवारी मी. स्वतः त्या वेळी बाहेर ओट्यावर बसत. आत बाळूने तोंड फिरवल्याचं कानावर आलं तरी उठायचं नाही, असं स्वतःलाच मोठ्याने बजावत. निवृत्तीनंतर मी दोनदा जीप ठरवली. दोन्ही वेळा म्हणाले, "आधी याचं नीट बसू दे." माझ्या मते ते केव्हाच नीट बसलं होतं. ओट्यापलीकडे कसं जायचं हे साहेबांनाच आता आठवत नव्हतं. याचा मला फार त्रास होई आणि मी त्यांच्यावर एकदोनदा चिडलोही.

गेल्या वर्षी साहेब गेले. सकाळी झोपेतून उठलेच नाहीत. देवळ्याहून चुलतभाऊ येईपर्यंत घर माणसांनी भरलं आणि जो तो एकच विचारत होता, बाळू आता कोणाच्या हातून जेवणार? अंत्यसंस्कार उरकून आम्ही परतलो. घरात चूल पेटायची नव्हती, म्हणून सुनीताने आमच्याकडून पिठलं-भात आणला होता. तिने घास पुढे केला. बाळूने लगेच तोंड उघडलं. पोटभर जेवला, वर आणखी भात मागून घेतला. बायकांनी डोळे पुसले, चुलतभाऊ हात जोडून म्हणाला, देवाची कृपा. साहेबांनी शेवटची दोन वर्षं याचसाठी घातली होती, हे त्या खोलीत माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? तरीही मी दाराशी उभा राहून मनात एकच म्हणत होतो, बाळू, आजच्या दिवस तरी एकदा तोंड फिरव रे.