दाजींना न विचारता लिहिलेला अर्ज

दाजी गेले त्या दिवशी सोमवार होता. सकाळी सात वाजता आक्काचा फोन आला. ती म्हणाली, "श्रीकांत, दाजी गेले." मी चप्पल घातली आणि शेजारच्या इमारतीत गेलो. ते खाटेवर होते. डॉक्टर म्हणाले, झोपेत हृदय थांबलं.

याला आता दीड महिना होऊन गेला. तेराव्याला दाजींच्या जुन्या बँकेतले एक कारकून आले होते. जेवून हात धुताना त्यांनी मला हळूच विचारलं, "त्यांच्या बंदुकीचं शेवटी काय झालं हो?" मी म्हणालो, "सरकारजमा केली." त्यांनी मान हलवली, रुमालाला हात पुसले. माझं उत्तर खरं होतं, पण पुरं नव्हतं. तेव्हापासून ते पुरं करावं असं सारखं वाटत राहिलं आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. साताऱ्याकडचे. लष्करातून नाईक म्हणून सुटले आणि डबल बारच्या बंदुकीचा परवाना काढून रबाळ्याला एका बँकेच्या दारावर उभे राहिले. तिथली नोकरी नुसत्या माणसाला नव्हती, बंदुकीसकट माणसाला होती. मी वाशीला एका कॉलेजच्या ग्रंथालयात. ऐरोलीत आम्ही आलो तेव्हा आमच्या मागच्या खिडक्यांतून खाडीपर्यंत नुसती खारफुटी दिसायची. भरतीला ती बुडाली की पाणी उंबऱ्याशी आल्यासारखं वाटे. दाजी मला मास्तर म्हणत. मी कधी कुणाला शिकवलं नाही, हे त्यांना माहीत होतं. "तुमी पुस्तकं राखताय, मी बँक राखतो," ते म्हणत, "दोघं बी लोकाच्या मालाचं राखनदार. फरक येवढाच, तुमच्याकडं चोर बी येत न्हाई."

रविवारी सकाळी ते बंदूक उघडून साफ करायला बसत. सतरंजीवर जुनं धोतर अंथरलेलं, तेलाची बाटली, गज, चिंध्या. सुटी केलेली नळी खिडकीकडे धरून ते मला बोलवत. "या, बगा आत." मी एक डोळा मिटून बघायचो. आत उजेडाची वलयं असत, एकात एक, लांबवर गेलेली, आणि टोकाला रुपयाएवढं आभाळ. कधी त्या आभाळातून एखादा बगळा जाई... इतका लहान आणि इतका स्पष्ट, की मी पुन्हा तो दिसायची वाट बघत राहायचो. ही वस्तू कशासाठी बनवली आहे, याचा त्या क्षणी विसर पडत असे. दाजींनाही पडत असावा. दर तीन वर्षांनी परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज मी लिहून द्यायचो आणि ते शेजारी बसून माझ्या हाताकडे बघायचे. पेरणीकडे बघावं तसे.

मग मुलुंडच्या बाजूला जाणाऱ्या पुलाचं काम सुरू झालं. खाडीत खांब ठोकत. दिवसभर एक जड, सावकाश ठोका पाण्यावरून येत राहायचा. महिन्याभरात आम्हाला तो ऐकू येईनासा झाला, सवयच झाली. दाजी मात्र एकदा म्हणाले, "मास्तर, त्यो आवाज नाव घेतोय." मी हसलो. "कुणाचं?" ते हसले नाहीत. पुढच्या रविवारी काम बंद होतं, तरी ते खिडकीशी कान देऊन उभे होते. नंतर ते आक्काला सांगू लागले की बँकेत येणारे काही लोक एकमेकांना खुणा करतात, घरापर्यंत मागून येतात. त्यांचं जेवण कमी झालं. अंगावरचा गणवेश सैल होत गेला आणि त्यातले दाजी हळूहळू आत कुठेतरी लांब जात राहिले, नळीतल्या त्या वलयांसारखे.

एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. दार आतून लावलेलं. आतून त्यांचा आवाज आला, "कोन?"

"मी, श्रीकांत."

"कुठला श्रीकांत?"

मी काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही. बऱ्याच वेळानं कडी निघाली. मी दार ढकलून आत गेलो तर दाजी दारासमोरच्या खुर्चीत परत जाऊन बसले होते आणि मांडीवर बंदूक आडवी होती. आक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, भिंतीला टेकून. दाजींनी माझ्याकडे नीट बघितलं आणि ओशाळून म्हणाले, "मेव्हणं हायती व्हय. चा टाक गं." आक्कानं चहा टाकला. आम्ही तिघांनी तो प्यायला.

ठाण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि दाजींना बाहेर बसवून आम्हाला म्हणाले, घरात हत्यार ठेवू नका. आक्कानं हे दाजींना एकदाच सांगून बघितलं. "मग बँकेत काय लाटनं घिऊन हुबा ऱ्हाऊ?" ते म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं. बंदूक गेली की नोकरी जाणार होती, आणि आपण कोण हे स्वतःला सांगायला त्यांच्याजवळ उरलेली ती एकच गोष्टही जाणार होती. त्यांनी गोळ्या घ्यायचंही नाकारलं. तेव्हा आक्का गोळी कुटून आमटीत घालू लागली. एक दिवस त्यांना कडू लागलं. त्या दिवसापासून त्यांनी आमटी सोडली, कोरडी भाकरी खाऊ लागले.

तेवढ्यात विधानसभेच्या निवडणुका लागल्या. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात आणि निकालानंतर परत मिळतात. दाजी दर वेळी न चुकता, नोटीस यायच्या आधीच जात. या वेळीही त्यांनी बंदूक चादरीत गुंडाळली, नेऊन दिली आणि पोच खिशात घालून आले. संध्याकाळी आक्का माझ्याकडे आली. म्हणाली, "आता घरात न्हाई तवरच काय ते कर. परत आली तर माझ्यानं हात लावायचा न्हाई."

मी अर्ज लिहायला बसलो. चार दिवस लागले. आमच्याकडे तेव्हा मनाच्या आजाराचं नाव कुणी मोठ्यानं घेत नसे, वेडा हा एकच शब्द सगळ्यांना पुरत असे. तो टाळून लिहायचं होतं आणि तरी साहेबाला कळायला हवं होतं. अर्जदार आक्का, सोबत डॉक्टरांचा दाखला, विनंती एवढीच, की उपचार पुरे होईपर्यंत हत्यार परत देऊ नये. मी तो पोलीस ठाण्यात नेऊन दिला. साहेबांनी उभ्या उभ्या वाचला. "बरं केलंत," ते म्हणाले, "लोक सांगत नाहीत." हे ऐकून मला बरं वाटलं होतं, हेही सांगितलं पाहिजे. दाजींना सांगावं हे मात्र आमच्या दोघांच्याही मनात आलं नाही. आजारी माणसाला काय सांगायचं... असंच काहीसं आम्ही धरून चाललो होतो.

निकालानंतर दाजी धुतलेला गणवेश घालून बंदूक आणायला गेले. साहेबांनी त्यांच्यापुढे अर्ज ठेवला. तिथून ते बस धरून थेट वाशीला, माझ्या ग्रंथालयात आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मी कार्डं लावत होतो. ते टेबलाच्या पलीकडे उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, "मास्तर, अक्षर लई झ्याक हाय तुमचं." मी उठेपर्यंत ते गेलेही होते.

पुढचे सात महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. बँकेतली जागा गेली. रबाळ्यालाच एका कारखान्याच्या फाटकावर, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचं काम मिळालं. सकाळी मी त्यांना स्टॉपवर बघायचो. ते माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत, तिथे खाडी असल्यासारखं. बंदूक घरात नव्हती, आक्का झोपत होती, आणि तरी मी काहीतरी चोरलं आहे ही भावना जात नव्हती.

खंडेनवमीच्या सकाळी दाराची कडी वाजली. दाजी उभे होते. हातात वर्तमानपत्रात बांधलेली झेंडूची फुलं. "चला," ते म्हणाले. कुठे, हे मी विचारलं नाही. दर खंडेनवमीला ते घरी बंदुकीची पूजा करत. आम्ही चालत पोलीस ठाण्यात गेलो. तिथेही हत्यारं मांडून पूजा चालली होती. उदबत्तीचा धूर कौलांपर्यंत गेलेला, रायफली ओळीनं उभ्या, प्रत्येकीला माळ. दाजींनी काही मागायच्या आधीच एक म्हातारे हवालदार म्हणाले, "या नाईक, तुमची बी लावलीया." भिंतीच्या कडेला, चिठ्ठी बांधलेली, त्यांची बंदूक उभी होती. दाजींनी चपला काढल्या, दोन बोटांनी कुंकू लावलं, फुलं वाहिली. हात जोडून ते किती वेळ उभे होते सांगता येणार नाही. धुरात ते आणि ती बंदूक दोन्ही पाण्याखाली असल्यासारखी दिसत होती.

बाहेर टपरीवर त्यांनी दोन चहा सांगितले.

"त्या दुपारी," ते कपाकडे बघत म्हणाले, "दोनी नळ्या भरल्याल्या हुत्या. मला म्हाईत हुतं, मास्तर. मलाच तिचं भ्या वाटत हुतं."

मी कप खाली ठेवला.

"तुमी इचारलं असतं तर मी सही दिली असती. न्हाई बी दिली असती कदाचित... पन इचारायचं. आमटीत कालवून न्हाई द्यायचं मानसाला काई."

"चुकलं, दाजी."

"चुकलंच. आता दुसरा अर्ज लिवा. माज्या नावानं. बंदूक सरकारात जमा करा म्हनावं, कायमची. सही मी करनार." मग जरा थांबून म्हणाले, "आन् त्या गोळ्या हातावर द्या. तुमच्या म्होरं घीन. तुमची आक्का लई रडती, तिच्या म्होरं नगं."

अर्ज मी त्याच दिवशी लिहिला. या वेळी त्यांनी तो दोनदा वाचून घेतला, एक ओळ बदलायला लावली. 'आजारी असल्यामुळे'च्या जागी 'आजारी असल्याचे मला समजते म्हणून' असं घालायला सांगितलं. आणि सही केली.

त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी सहाला, फाटकावरचं काम सुटलं की आधी माझ्याकडे येत. शर्टाच्या खिशातून पुडी काढत, गोळी तळहातावर ठेवून मला दाखवत आणि पाण्याबरोबर गिळत. मग थोडा वेळ खिडकीशी बसत. कधी बोलत, बहुधा नाही. वाईट दिवस पूर्ण गेले नाहीत. मध्ये एकदा ठाण्याच्या इस्पितळात महिनाभर ठेवावं लागलं. पण वाईट दिवसातही ते सहाला आले, आणि कुणी तरी बोलावतंय असं वाटलं तर तसं सांगून बसून राहिले. "आज लई बोलावतंय, मास्तर." मी विचारायचो, "जायचं आहे का?" ते म्हणायचे, "न्हाई. हितंच बसतो." दोघं अंधार पडेपर्यंत बसायचो. भरती येई, खारफुटी बुडे, आणि पलीकडचे दिवे पाण्यात उतरत.

त्यांच्यासाठी एक पितळी पेला वेगळा ठेवला होता. तो ओट्यावर असतो. सहा वाजले की मी अजून त्यात पाणी भरतो आणि थोड्या वेळानं ते स्वतःच पितो.