मानमोडीच्या सालचं खळं

सोजराबाईला मी पाहिली तेव्हा ती साठीच्या पुढं होती, पण डोक्यावर पाटी घेतली की तिची मान अजून ताठ असायची. मलकापूरहून दीड कोसावर, नळगंगेच्या काठी त्यांचा मळा. वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, पावसाळ्यात कोहळ्याचे, म्हणजे लाल भोपळ्याचे वेल आणि वरच्या अंगाला चार एकर जवारी. नवरा तुळशीराम मोट हाकायचा, ही पाणी फिरवायची, आणि पहाटे पाटी भरून बाजाराला निघायची. तीसेक वर्षांची होईपर्यंत तिच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही घडलं नव्हतं, असं तीच म्हणायची.

मग ते साल आलं. श्रावणातच पाऊस गेला आणि दसऱ्याच्या सुमाराला मानमोडी आली. तो ताप कसा यायचा हे सांगताना ती तीस-पस्तीस वर्षांनीसुद्धा मध्येच थांबायची. सोमवारी तुळशीरामानं मोट धरली. दुपारी मान दुखते म्हणून लिंबाखाली टेकला. गुरुवारी त्याला नदीवर नेला. खांदा द्यायला चार माणसं मिळाली नाहीत. एका बाजूला तिची सासू अंबूबाई लागली. बाईनं खांदा दिलेला गावानं तेव्हा पहिल्यांदा पाहिला आणि कोणी काही बोललं नाही, कारण बोलणारेही अंथरुणावर होते. त्याच आठवड्यात सुताराचं घर बंद झालं. कुंभाराच्या घरात एक म्हातारी तेवढी उरली.

सोजराबाई रडली नाही. तो गेला हे तिला खरं वाटतच नव्हतं. ती संध्याकाळी दोन भाकरी जास्त थापायची आणि मग त्या भाकरींकडे बघत बसायची.

घरात आता तिघी. सोजरा, अंबूबाई आणि पाच वर्षांची सरू. घरात दाणे संपत आले होते. मळ्यातली भाजी पाण्यावाचून गेली होती, मोट हाकायला कोणी नव्हतं. कोहळी मात्र त्या आधीच पिकली होती. ओसरीवर पंधरावीस कोहळी रचलेली, मोठमोठी, लाल. पण ती फोडायची कशी? आमच्याकडं बाई अख्खं कोहळं फोडत नाही. घरच्या माणसानं पहिला चिरा द्यायचा, मग बाईनं विळीवर घ्यायचं. कोहळं म्हणजे घरचा थोरला पोरगा, असं म्हणतात. शेजारचा कोणी हिंडता-फिरता झाला तर त्याला बोलवू, असं सोजरानं सुचवलं.

"परक्या मानसाच्या हातानं माह्या घरचं कोहळं फुटनार नाही," अंबूबाई म्हणाली. "राहू दे तसंच."

सरू कण्यांची पेज पिऊन झोपायची.

कार्तिक संपत आला असताना बंगल्यावरून निरोप आला. मलकापूरच्या बाहेर परदेशी पाद्र्याचा बंगला होता. तिथला खानसामा इंद्रभान दरवर्षी याच सुमाराला सोजराकडून एक मोठं कोहळं न्यायचा. यंदा तो स्वतः आला नव्हता. सोजरानं त्यातल्या त्यात मोठं निवडलं आणि पाटीत घालून नेलं.

इंद्रभान स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला धरून उभा होता. अर्धा उरला होता तो.

"तुमालेही आली होती काय, भाऊ?"

"वाचलो," तो म्हणाला. "आत आनून दे, बाई. मले उचलत नाही."

इतक्या वर्षांत ती आत कधी गेली नव्हती. आत पाद्र्याची मड्डम उभी होती. उंच, काळा झगा, बाह्या वर केलेल्या. सोजरानं कोहळं मेजावर ठेवलं. इंद्रभाननं सुरी घेतली, पण त्याचा हात इतका थरथरत होता की मड्डमनं ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि सरळ कोहळ्यावर धरली.

पुढं काय झालं ते सोजराला नीट सांगता यायचं नाही. तिनं गोऱ्या मड्डमचं मनगट धरलं होतं. घट्ट. मड्डम आपल्या हाताकडं बघत राहिली.

सोजरानं हात सोडला. "बाईनं नाही फोडू ते," ती म्हणाली. "घरच्या मानसानं पैला चिरा द्या लागते. नाहीतं घरावर येते."

मड्डमला मराठी येत होती, पुस्तकातली, एकेक शब्द वेगळा ठेवलेली. "माझ्या घरात आता पुरुष नाही, सोजराबाई," ती म्हणाली. "साहेब वारले. वीस दिवस झाले."

सोजराला हे माहीत नव्हतं. साहेब गावोगाव औषधाच्या बाटल्या घेऊन फिरत होता, तुळशीराम पडला त्याच्या आदल्या दिवशी तो त्यांच्याही गावात आला होता. साहेबाला ताप येऊ शकतो ही गोष्टच तिच्या डोक्यात कधी आली नव्हती. ती तिथंच भुईवर बसली.

मड्डमनं सुरी टेकवली आणि दोन्ही हातांचा भार देऊन कोहळं फोडलं. फाड असा आवाज झाला. आत केशरी गर, बिया. बस. सोजरा छपराकडं बघत होती. काही पडलं नाही.

थोड्या वेळानं तिनं इंद्रभानला हळूच विचारलं, "आज काय हाय इथं?"

"त्याईच्या मुलखातला सन हाय. पीक घरात आलं का देवाचे उपकार मानतात. कोहळ्याचं गोड करतात, कोंबडं करतात, सारे संगं जेवतात."

"आपल्या खळ्याच्या पूजेसारखं?"

"हाव, तसंच."

सोजराला ते पटेना. ती उठली आणि मड्डमलाच म्हणाली, "यंदा? यंदा कायचे उपकार, बाई?"

इंद्रभाननं डोळे मिटले. आता ही रागावणार असं त्याला वाटलं असावं. मड्डम बिया काढत होती. तिचा हात थांबला नाही.

"मलाही ठाऊक नाही," ती म्हणाली. "दिवस आला, म्हणून करते."

दुपारी व्हरांड्यात पंगत बसली. बंगला झाडणारा आणि मड्डमला मराठी शिकवणारे पंडित एकाच रांगेत बसलेले सोजरानं पाहिले, आणि हात जोडून ती निघाली. तिथं जेवणं तिला शक्यच नव्हतं. इंद्रभाननं कोहळ्याच्या बदल्यात पायलीभर गहू पाटीत घातले.

घरी आली तेव्हा सरू ओसरीवर कोहळ्याला पाठ लावून बसली होती. सोजरानं पाटी उतरवली, विळा घेतला आणि एक कोहळं पायात धरून फोडलं. आवाज ऐकून अंबूबाई बाहेर आली. समोरच्या दोन फोडी तिनं पाहिल्या. तिचा चेहरा असा झाला, की सोजराला वाटलं ही आता पडते.

"काऊन केलं वं असं?" एवढंच ती म्हणाली.

"पोरगी उपाशी हाय, आत्याबाई."

अंबूबाई दोन दिवस बोलली नाही, आणि कोहळ्याला शिवली नाही. सरूनं मात्र दोन्ही वेळा ताटली चाटून पुसली. तिसऱ्या दिवशी अंबूबाई चुलीजवळ येऊन बसली, तव्यावरची एक फोड उचलून तोंडात टाकली आणि म्हणाली, "मीठ जास्त झालं."

जवारी यंदा कंबरेएवढीच वाढली होती. पौषात दोघींनीच ती कापली. शेजारच्या गावातून तुळशीरामाचा मावसभाऊ बैल घेऊन आला, खळं झालं, रास पडली. लहानच रास. तुळशीराम असता तर त्यानं राशीपुढं नारळ फोडला असता, गूळ ठेवला असता. विधवेनं राशीला हात लावायचा नाही म्हणून सोजरा खळ्याच्या कडेला उभी राहिली. मावसभाऊ पूजेला पुढं होऊ लागला, तर अंबूबाईनं त्याला हातानं मागं सारलं. तीही विधवाच, पंधरा वर्षांपासून. ती राशीपुढं जाऊन बसली, हळदीचं बोट लावलं, आणि राशीशी बोलू लागली. सोजराला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं.

"माह्या पोराले नेलं तुनं," अंबूबाई म्हणत होती. "घामाचं दिलं तेवढं घेतलं आमी. घेतलं म्हनून पाया पडतो. पन नारळ नाही भेटत तुले यंदा. मांगू नोको."

तिनं डोकं टेकलं. मग उठून, दरसालच्या रिवाजाप्रमाणे, गावकामगारांच्या वाट्याच्या, न मळता ठेवलेल्या पेंढ्या वेगळ्या काढायला लागली. लोहाराची, कुंभाराची, सुताराची.

"सुताराकडं कोन हाय आता घ्यायले?" सोजरा म्हणाली.

"नांगर त्यानं भरून नीट केला होता ना यंदाचा? मंग काढून ठेव."

चार दिवस पेंढी खळ्यावर पडून राहिली. पाचव्या दिवशी सकाळी सोजरा पाखडत होती. बांधावर कोणीतरी उभं होतं. तिनं पाहिलं, आणि हातातलं सूप निसटून दाणे मातीत गेले. सुताराची रुखमाबाई होती. सगळ्या गावानं तिला मेलेली धरलं होतं.

"तू..." सोजरा बांधाकडं निघाली.

"भाऊ गाडीत घालून माहेरी घेऊन गेला होता," रुखमाबाई म्हणाली. "मले सूद नव्हती. काल आली. घरात कोनीच नाही." ती खळ्याच्या आत यायला तयार नव्हती. पेंढी मागायला नेहमी तिचा नवराच यायचा. बाईनं कसं मागायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

सोजरानं तिचा हात पकडून तिला आत आणलं. अंगाला हात लावून पाहिला, खांद्याला, गालाला, जिवंत आहे की नाही ते. मग दोघी तिथंच बसल्या, आणि तुळशीराम गेल्यापासून सोजरा पहिल्यांदा रडली.

पुढं रुखमाबाई त्यांच्याच मळ्यावर कामाला राहिली. मोट हाकायला दोघी शिकल्या. गाव आधी हसलं, मग सवयीचं झालं. मड्डम दोन वर्षांनी आपल्या मुलखात गेली. अंबूबाई आणखी सात वर्षं जगली आणि दर खळ्याला राशीपुढं तीच बसली. दुसऱ्या वर्षी तिनं नारळ दिला, पण अर्धा.