नौरूचं तिकीट

पोस्टाचं एक तिकीट वाचवायच्या नादात मी माझ्या दिरांचा पत्ता धुऊन टाकला. नातवंडांना सांगितलं तर खोटं वाटतं त्यांना. पत्ता धुणारी बाई अख्ख्या लालबागेत मी एकटीच असेन.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. अकरावी पास, आणि माहेरून आणलेली तिकिटांची वही. तेवढ्यावर स्वतःला फार शहाणी समजायचे मी. दीर गिरणीतली बदलीची, म्हणजे कुणी गैरहजर असेल तरच मिळणारी नोकरी सोडून, सासऱ्यांशी कडाक्याचं भांडून बोटीवर गेलेले. दोन वर्षांनी त्यांचं पहिलं पत्र आलं, ते पॅसिफिकमधल्या नौरू बेटावरून. बोट सोडून तिथेच खाणीवर लागले होते. तिकिटावर बेटाचा सगळा इतिहास: कडेला माडांची हिरवी किनार, मधली जमीन खणून खणून पांढरी पडलेली, पुढ्यात मालाची बोट. दिरांनी लिहिलं होतं, इथली माती खत म्हणून गोऱ्यांनी बोटी भरभरून नेली.

सासरे तेव्हा अंथरुणाला खिळलेले. गिरणीतल्या कापसाने छाती धरली होती. पाकिटावरचं तिकीट डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "म्हणजे ह्यांचं बेट दुसऱ्यांच्या शेतात गेलं? मग ह्यांनी उभं कुठं राहायचं?" जरा वेळाने भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "त्याला लिही. म्हणावं, ये."

लिहिते की! पण आधी तिकीट. पाकीट ताटलीभर पाण्यात ठेवलं. तिकीट अलगद सुटलं, मी खूश. पाणी मात्र निळं. पत्ता दिरांनी पाकिटाच्या मागे शाईने लिहिला होता. पत्रात तो कुठेच नव्हता.

सासूबाई ताटलीत लेकाचा पत्ता विरघळलेला बघून म्हणाल्या, "आता झिलाक कसां कळवतलंस गो? ह्या तिकिटाक इचारतलंस?"

शेवटी नाव आणि खाली नुसतं 'नौरू' लिहून पत्र टाकलं. गॅलरीत पावलं वाजली की सासरे मान उचलायचे. तिसऱ्या महिन्यात ते गेले. ती वही मी परत उघडली नाही.

वर्षाने दीर आले. मी रडत रडत ताटलीपासून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, एवढंसं बेट ते, तिथं पत्ता लागतोय कशाला? तुमचं पत्र पंधरा दिवसांत मिळालं होतं. मीच फोडलं नाही. वाटलं, बाबांनी शिव्या लिहून घेतल्या असतील."