प्रमुख पाहुण्यांचा पासवर्ड

आत्याचा आवाज वाचनालयाच्या लॅपटॉपमध्ये होता आणि लॅपटॉप चालू होत नव्हता.

अर्धांगवायूच्या झटक्यानं आत्याची वाचा गेली, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी सिद्धेश्वर गावी तिच्या ओसरीवर बसून तिचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. धरणाआधीची नदी, माहेरची भांडणं, कोणाचं लग्न कशावरून मोडलं, असं बरंच काही. फोन हरवेल या भीतीनं मी ते सगळं वाचनालयाच्या लॅपटॉपवर ठेवलं आणि फोनमधून पुसून टाकलं. मी त्या वाचनालयाचा चिटणीस. आतला माणूस असूनही संस्थेवर माझा इतका विश्वास कसा बसला, कळत नाही.

हिंगोलीत हळदीच्या बाजारामागे एक लॅपटॉप दुरुस्त करणारा बसतो. त्यानं मशीन उघडून पाहिलं.

“विंडोज गेलं, सर. फायली असतील आत. माझ्या बाहेरच्या ड्राइव्हवरून चालू करतो अन् काढून घेतो.”

ड्राइव्ह लावताच पडद्यावर लाल चौकट आली.

“सिक्युअर बूट चालू हाय. अनोळखी ड्राइव्हवरून सुरू होऊ देत न्हाई. सेटिंगमधी जाऊन बंद करावं लागंल.”

“मग करा की.”

सेटिंगनं पासवर्ड मागितला.

“डिस्कच काढा बाहेर,” मी म्हणालो.

“बोर्डालाच जोडलेली हाय, निघत न्हाई. पासवर्ड कोणी टाकला होता?”

तेव्हा मला लॅपटॉपचं उद्घाटन आठवलं. फीत कापणं जुनं झालं, लॅपटॉपला कुलूपच पाहुण्यांच्या हस्ते लावू, अशी कल्पना आमच्या अध्यक्षांनी काढली होती. प्रमुख पाहुण्यांनी फेटा सावरत एका बोटानं काहीतरी टाइप केलं. मशीनला खात्री हवी होती म्हणून पुन्हा एकदा केलं. दुसऱ्याचा पासवर्ड पाहू नये, या सभ्यतेनं व्यासपीठावर आम्ही सगळ्यांनी माना वळवल्या. मग टाळ्या वाजवल्या. रोजच्या वापरात ते कुलूप कधी आडवं आलंच नाही, म्हणून नंतर विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

आम्ही वाचनालयाचं नाव टाकून पाहिलं. चुकलं. गावाचं टाकलं. तेही चुकलं.

“आता सांभाळून, सर. एखादं मशीन कायमचं अडकते.”

मी पाहुण्यांना फोन लावला. ते कनेरगाव नाक्यावर एका ढाब्याचं उद्घाटन करत होते. मागे भोंगा वाजत होता.

“कोणता लॅपटॉप, गुरुजी? लई झाले.”

“वाचनालयाचा. तुम्ही पासवर्ड टाकला होता.”

“अस्सं? काय टाकला होता?”

“तेच विचारतोय, साहेब.”

“काहून? काही तकलीफ झाली का?”

मी आत्याचं सांगितलं. भोंगा तेवढा त्यांच्या कार्याचा गौरव करत राहिला. मग बाजूला गेल्यासारखा, हळू आवाज आला.

“माझं नाव टाकून पाहा. अन् त्याला जोडून साहेब.”

“इंग्रजीत?”

“व्हय. अक्षरं सगळी मोठी. लहान अक्षरांत मी माझं नाव टाकत न्हाई.”

दुरुस्तीवाल्यानं एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाइप केलं आणि बोट एंटरवर धरलं.

“दाबू, सर?”

“थांबा.” मी अक्षरं पुन्हा वाचली. इतक्या श्रद्धेनं हे नाव मी कधी वाचलं नव्हतं. “दाबा.”

सेटिंग उघडलं. त्यानं सिक्युअर बूट बंद केलं आणि यावेळी मशीन मुकाट्यानं बाहेरच्या ड्राइव्हवरून सुरू झालं. फोल्डर होतं, फायली होत्या. पण नुसत्या नावांवर माझं समाधान होईना. एक वाजवायला लावली. आधी खरखर, मग कोंबडा, मग बराच वेळ काहीच नाही. दुरुस्तीवाला माझ्याकडे पाहायचं टाळत होता.

“पोरा, ते चालू हाय का? का मी भिंतीलाच सांगून राहिले?”

मी खुर्चीत मागे टेकलो.

सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या, फोनमध्ये घेतल्या आणि तसाच सिद्धेश्वरला गेलो. आत्या ओसरीवर उशीला टेकून बसली होती. फोन तिच्या कानाजवळ धरला. तिचाच आवाज तिला विचारू लागला, ते चालू हाय का?

आत्यानं मान हलवली. हाय.