चालकास समज द्यावी

बसमध्ये विसरलेल्या वस्तू ऑफिसात जमा कराव्या लागतात. छत्र्या, डब्यांची झाकणं, एकदा तर कवळीसुद्धा! किस्से मात्र परत मागायला कोणी येत नाही, म्हणून ते कंडक्टरकडेच साचतात. माझ्याकडे इतके साचलेत की नवरा म्हणतो, "जेवताना तरी ड्युटी संपव!"

आमची फेरी यवतमाळ ते कळंब. गाड्या दोन, दोन्ही लो-फ्लोअर. म्हणजे चढायला पायऱ्याच नाहीत, रस्त्यावरून पाऊल टाकलं की आत. एक डिझेलची, एक इलेक्ट्रिक. लोकांनी पहिल्याच आठवड्यात दोघींचं बारसं उरकलं. डिझेलची ती ‘बोलकी’ आणि इलेक्ट्रिक ती ‘मुकी’.

गाडी कोणतीही असो, माझ्याबरोबर ड्रायव्हर प्रेमसिंगभाऊ राठोड. रिटायर व्हायला थोडेच महिने उरलेले. ते म्हणायचे, "ताई, आमच्या आज्यानं बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं, मी मानसं वाहून राह्यलो. फरक एवढाच, मीठ उतरताना भांडत नाही!"

*

मुकीचा पहिला दिवस. कळंबला एक आजी आत आल्या. उंबरठ्यासारखी बेताची उंची, खाली चकचकीत फरशी. आजी निवांत बसल्या. तीन किलोमीटर गेल्यावर ओरडल्या, "अवं बाई, माह्या चपला!"

घरात शिरावं तशा त्यांनी चपला स्टॉपवरच काढून ठेवल्या होत्या.

परतीच्या फेरीला पाहिलं, तर चपला तिथेच. एकमेकींना लागून, बसची वाट पाहत!

मी त्या उचलून दुसऱ्या दिवशी आजींना दिल्या. तेव्हापासून आजी चपला हातात घेऊनच चढतात. "आता नाही विसरत, माय!"

*

कलीमचाचा आमचे जुने मेकॅनिक. इंजिनाला स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचं, की दुखणं कळलंच. कोणत्याही मशीनची गरज नाही.

मुकी आली तेव्हा त्यांनी सवयीनं मोटरला स्क्रू ड्रायव्हर लावला. डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. आम्ही सगळे गोल करून उभे.

"काय म्हणते, चाचा?"

"काहीच नाही बोलून राह्यली," चाचा काळजीनं म्हणाले. "नाराज दिसते!"

*

बोलकीचा आवाज दूरच्या वळणावरूनच यायचा. स्टॉपवरचा चहावाला त्या हिशोबानं चहा ओतायचा आणि लोक त्या हिशोबानं संपवायचे. मुकी आली की कोणाला पत्ताच नाही! लोक ग्लास हातात घेऊनच आत घुसायचे. एका आठवड्यात चहावाल्याचे सहा ग्लास यवतमाळ पाहून आले.

शेवटी तो वैतागला. "भाऊ, हिच्या गळ्यात घंटा बांधा!"

दुसऱ्या दिवशी पोळ्याची, बैलाच्या गळ्यातली घंटा घेऊन तो खरंच गाडीसमोर उभा राहिला. प्रेमसिंगभाऊंनी ती दोन दिवस आरशाला टांगली. डेपोतल्या साहेबांनी पाहिली आणि काढायला लावली. मला अजून वाईट वाटतं, छान वाजायची!

*

या गाड्यांना एक बटण आहे. दाबलं की गाडी दाराच्या बाजूनं हळूच खाली वाकते, म्हाताऱ्या माणसांना सोपं जावं म्हणून. कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जाणारे बहुतेक म्हातारेच. त्यामुळे मंदिराच्या स्टॉपवर गाडी रोज वाकायची. लोकांचा समज झाला, गाडी गणपतीला नमस्कार करते! ती वाकली की आतले सगळे हात जोडायचे. मीसुद्धा जोडायची, खोटं कशाला बोलू?

आमचे एक रोजचे प्रवासी पाठककाका. कचेरीतून निवृत्त झाले, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. एका संध्याकाळी त्यांनी तक्रारवही मागितली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं :

"गाडी जाताना गणपतीस वाकते, परत निघताना वाकत नाही. चालकास समज द्यावी."

दुसऱ्या दिवसापासून भाऊ निघतानाही बटण दाबू लागले.

*

आता भाऊंच्या घरची गोष्ट.

सुमनभाभी, म्हणजे त्यांची बायको. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे डाव्या पायात जोर नाही. लग्न झालं तेव्हा भाऊ जुन्या उंच गाड्यांवर होते. त्यांनी हौसेनं भाभींना आपली गाडी दाखवायला आणलं आणि पायऱ्या चढवेनात म्हणून चारचौघांसमोर उचलायला गेले.

भाभी कडाडल्या, "मी काय पोतं हावो? उचलून टाकाले?"

त्या दिवसापासून भाभी भाऊंच्या गाडीत बसल्या नाहीत. कुठे जायचं तर ऑटो. भाऊंनी लो-फ्लोअरची ड्युटी मागून घेतली ती कशासाठी, हे साऱ्या डेपोला ठाऊक होतं. पण भाभींचं उत्तर एकच, "पाहू." आठवडे गेले, महिने गेले. भाऊ रोज आपल्या वस्तीच्या, तांड्याच्या स्टॉपवर गाडी जरा जास्तच हळू करायचे, घराकडे पाहायचे आणि पुढे निघायचे. मला त्यांचा चेहरा पाहवत नसे.

शेवटची ड्युटी. मुकी घेऊन आम्ही तांड्याशी आलो, तर स्टॉपवर भाभी! नवं लुगडं, हातात काठी. मी मदतीला उठले तर भाऊंनी हातानंच थांबवलं. स्वतःही उतरले नाहीत. फक्त बटण दाबलं.

गाडी वाकली.

भाभी चढेचनात. गाडीकडे पाहिलं, मग आत भाऊंकडे पाहिलं.

"इतके वर्सं झाले लग्नाले," भाभी म्हणाल्या. "हे वाकनं कुठं शिकले तुमी?"

भाऊ समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "ट्रेनिंगमंदी!"

भाभी हसल्या. काठी आत टेकवली, दांडा धरला आणि कोणाचाही हात न घेता आत आल्या. भाऊंच्या अगदी मागच्या सीटवर बसल्या. भाऊ मात्र गाडी वर घ्यायचंच विसरले. स्टीअरिंगवर हात ठेवून नुसते आरशात पाहत राहिले. मी घंटी दिली नाही, कोणी घाई केली नाही. पाठककाकांनी तेवढं घड्याळ पाहिलं.

संध्याकाळी पाठककाकांनी वही मागितली. मी धास्तावले. ते लिहून, वही मिटून उतरून गेले. मी उघडून पाहिली.

"आज गाडी तांड्याच्या थांब्यावर विनाकारण पाच मिनिटे वाकून उभी होती. चालकास समज देऊ नये."