भर उन्हात वन पॉइंट फोर

आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये माझ्या बायकोचा चेहरा नाही. मुंडावळ्या आहेत, पदर आहे, पदराखाली नाकाचं टोक आहे. नवरीने मान वर करायची नाही, हे आमच्याकडे इतकं पक्कं होतं की फोटोग्राफरनेही आग्रह धरला नाही. अल्बम काढला की बायको अजून विचारते, ही मीच कशावरून?

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तिला सातवा महिना लागला होता आणि पहिल्या बाळंतपणाला ती करकंबला माहेरी जाणार होती. माझ्या मनात नको नको ते यायचं. ते बोलून दाखवायची सोय नव्हती, म्हणून मी फोटोचा हट्ट धरला. जाण्याआधी तिचा एक तरी धड फोटो मला हवा होता.

कॅमेरा होता. जहाजावर नोकरीला असलेल्या मामेभावाने दिलेला, वन पॉइंट फोर लेन्सचा. भलंमोठं भिंग, कंदिलाच्या उजेडातही फोटो निघेल असं. ते पूर्ण उघडलं की समोरचा चेहरा तेवढा स्पष्ट यायचा आणि मागचं सगळं धूसर. मला तेच पाहिजे होतं, कारण आमच्या घरात कुणाच्याही मागे काही ना काही असायचंच. वाळत घातलेल्या चादरी, गिरणीचं धुराडं, शेजारणी.

पण एकांत मिळायचा तो भर दुपारी, ती गच्चीवर पापड उलटायला जायची तेव्हा. त्यात सोलापूरचा उन्हाळा. कॅमेऱ्याचा वेग शेवटच्या आकड्यावर नेला तरी त्या उघड्या भिंगातून उजेड नुसता ओतत होता. सात रस्त्यावरच्या स्टुडिओतून रोल धुऊन आणला तर निगेटिव्ह काळी ठिक्कर, आणि फोटोत तिचं तोंड म्हणजे चुना लावलेली भिंत. स्टुडिओवाला म्हणाला, "भिंग बारीक करा की." बारीक केलं की चादरी आल्याच. मी दिवसभर सगळ्यांवर डाफरत होतो.

मग मला आईचा गॉगल दिसला. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि उन्हात जाताना जाड चष्म्यावर ती दवाखान्यात मिळालेला काळा गॉगल चढवायची. दुपारी ती झोपल्यावर मी तो उचलला आणि गच्ची गाठली. काच भिंगासमोर धरली, ऊन एकदम सौम्य झालं. पण कॅमेऱ्याला दोन हात लागतात, गॉगल धरायला तिसरा कुठून आणू?

"राहू द्या की. उद्या दादा न्यायला येतोय, किती कामं पडलीत," बायको म्हणाली.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. आई डोळ्यांवर पंजा धरून वर आली.

"गॉगल कुटं हाय माझा?"

बायकोने पदर पार नाकापर्यंत ओढला. मी अडखळत सगळं सांगितलं. आता बोलणी बसणार, हे मी धरूनच चाललो होतो. आईने गॉगल माझ्या हातातून घेतला आणि भिंगासमोर धरला.

"असा? काड मग. आन पोरी, पदर मागं घे. वर बघ."

"नको ओ आत्याबाई."

"वर बघ म्हनते न्हवं. मी बी तुला अजून नीट बघितलं न्हाय. लग्नात मला दिसत न्हवतं, आन डोळं झाल्यापास्नं तू मान वर करत न्हाईस."

तिने पदर मागे घेतला आणि मान वर केली. मी बटण दाबलं.

फोटो हातात आला तेव्हा ती करकंबला पोचली होती. चेहरा लख्ख आला होता, चादरी कुठल्या कुठे विरघळल्या होत्या. फक्त ती माझ्याकडे बघत नव्हती. नजर भिंगाच्या बाजूला, आई उभी होती तिकडे होती. मला थोडं वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

फोटो मी उशाशी ठेवायचो. सकाळी तो तिथे नसायचा. आई ओसरीवर तो चष्म्याजवळ धरून बसलेली असायची. एकदा मी शेजारी जाऊन बसलो, तर मान वर न करताच म्हणाली, "नातू, नात, नंतर बघू. आदी ही मला परत पायजे."